बसीन रोड ते वसई रोड : एका स्थानकाची कहाणी

वसईचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम किल्ला उभा राहतो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांशी केलेला तह, खाडीच्या मुखाशी वसलेले ते वैभवशाली नगर, तेथील चर्चेस आणि मठ, १७३९ च्या मे महिन्यातील चिमाजीअप्पांचा विजय, १८०२ चा वसईचा तह, ही सारी प्रकरणे आपण शाळेत शिकलो आहोत. त्यांवर ग्रंथ आहेत, पोवाडे आहेत, व्याख्यानेही होतात. ते योग्यच आहे. तथापि गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत वसईकराचा दिनक्रम, त्याचा व्यवसाय, शिक्षण, सोयरिकी, फार काय त्याच्या जेवणाच्या वेळादेखील ज्या वास्तूने ठरवून दिल्या, ती वास्तू किल्ल्यात नाही. ती किल्ल्यापासून चार-पाच मैलांवर, माणिकपूर आणि नवघर या दोन गावांच्या सीमेवर उभी आहे. तिला तट नाही, बुरूज नाहीत आणि तिच्यासाठी कोणी लढाई केल्याची नोंदही नाही. ती म्हणजे आपले वसई रोड रेल्वे स्थानक.

या स्थानकातून आपण रोज ये-जा करतो, म्हणूनच कदाचित त्याचा इतिहास असतो हे आपल्या ध्यानात येत नाही. तो थोडक्यात सांगावा आणि या लोहमार्गाने आपल्याला काय दिले व आपल्याकडून काय नेले याचा हिशेब मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गाडीपूर्वीची वसई

१७३९ नंतर किल्ल्यातील नगर ओस पडत गेले. पोर्तुगीज गेले, त्यांची घराणी गेली. मागे राहिली ती गावोगावची मूळची माणसे. सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी, आगरी अशा नाना समाजांची ही भूमी. त्यांतील पुष्कळांनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली होती आणि राज्य पालटल्यावरही ती सांभाळली. मराठ्यांनी वसईला बाजीपूर हे नाव देऊन पाहिले, पण ते टिकले नाही. १८१८ नंतर इंग्रजांचा अंमल स्थिर झाला आणि पोर्तुगीजांच्या ‘बसाईं’चे इंग्रजी कागदांत ‘बसीन’ झाले. आपल्या बोलण्यात मात्र वसई ती वसईच राहिली.

त्या काळातील वसई म्हणजे वाड्या, विहिरी, बावखले आणि रहाट. केळी, पानवेली, ऊस, भाजीपाला आणि किनाऱ्यालगत नारळ-पोफळी. माल पिकत होता, पण तो न्यायचा कुठे? दक्षिणेला उल्हास नदीची रुंद खाडी, उत्तरेला वैतरणेची खाडी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर. चारही बाजूंनी वेढलेल्या या प्रदेशातून बाहेर जाण्याचा मुख्य मार्ग पाण्याचा होता. मुंबईला जायचे तर मचव्यातून वा पडावातून जायचे. वारा अनुकूल असेल तर ठीक, नाही तर वाट पाहायची. पावसाळ्यात दर्या खवळला की नारळी पौर्णिमेपर्यंत तोही मार्ग खुंटत असे. केळीचा घड आणि पानाची जुडी दर्याच्या लहरीसाठी थांबून राहत नाहीत. त्यामुळे मुंबईसारखी मोठी बाजारपेठ डोळ्यांना जवळ दिसत असूनही वसईच्या बागायतदाराला ती पुष्कळ दूर होती.

१८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे अशी हिंदुस्थानातील पहिली प्रवासी गाडी धावली. पण तो मार्ग पुढे कल्याणकडे वळला. वसईच्या वाट्याला रेल्वे आली ती दुसऱ्या कंपनीकडून आणि दुसऱ्याच कारणासाठी.

कापसासाठी आलेली रेल्वे

‘बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया’ अर्थात बी.बी.सी.आय. ही कंपनी १८५५ साली स्थापन झाली. तिचे लक्ष गुजरातकडे होते. तेथील काळ्या जमिनीत पिकणारा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना हवा होता. म्हणूनच या कंपनीचा पहिला मार्ग मुंबईहून निघाला नाही. अंकलेश्वर ते सुरतेजवळील उतराण हा २९ मैलांचा टप्पा १८६० च्या फेब्रुवारीत प्रथम सुरू झाला. त्यानंतर काम दक्षिणेकडे सरकू लागले. इतक्यात १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथून इंग्लंडला जाणारा कापूस थांबला आणि हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला. गुजरात व मुंबई यांना जोडणाऱ्या लोहमार्गाची निकड अधिकच वाढली. अखेर २८ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईच्या ग्रँट रोडपासून उतराणपर्यंतचा मार्ग वाहतुकीस खुला झाला. वसईतून रेल्वे धावू लागली ती याच मार्गाने.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. हा लोहमार्ग वसईसाठी बांधलेला नव्हता. सुरत, भडोच आणि मुंबई यांच्या मध्ये वसई होती एवढेच. कापसाच्या गाठी घेऊन जाणाऱ्या गाडीला वाटेत पाणी-कोळसा लागे, थांबे लागत. त्यांत एक थांबा आपल्या नशिबी आला. पण ज्याच्यासाठी मार्ग बांधला त्याच्यापेक्षा ज्याच्या दारावरून तो गेला त्यानेच पुढे त्याचा अधिक उपयोग करून घेतला, असे वसईच्या बाबतीत म्हणता येईल.

या मार्गावरील खरे कठीण काम होते ते खाड्यांचे. पश्चिम किनाऱ्याजवळून जायचे म्हणजे प्रत्येक नदी तिच्या मुखाजवळ, जेथे ती सर्वांत रुंद व तळ सर्वांत चिखलाचा, तेथेच ओलांडावी लागते. कंपनीचे सल्लागार अभियंता कर्नल जे. पी. केनेडी यांनी या मार्गावरील पुलांसाठी एक विशेष पद्धत वापरली. बिडाच्या पोकळ खांबांच्या टोकाला मळसूत्राचे रुंद पाते बसवायचे आणि स्क्रू लाकडात पिळावा तसा तो खांब तळाच्या गाळात पिळून रोवायचा. अशा खांबांवर लोखंडी तुळयांचे सांगाडे चढवले जात. दगडी पाया घालण्यास जेथे कठीण थर हाती लागत नव्हता, तेथे ही युक्ती उपयोगी पडली. भरती-ओहोटीच्या पाण्यात उभे राहून हे खांब ज्या मजुरांनी रोवले, त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत.

‘रोड’ या शब्दाचा अर्थ

पुष्कळ वाचकांना प्रश्न पडत असेल, की आपल्या स्थानकाच्या नावात ‘रोड’ कशासाठी? रस्त्याचा आणि त्याचा संबंध काय?

रेल्वेच्या जुन्या प्रघातानुसार, जे गाव स्थानकापासून दूर असे, त्याच्या नावापुढे ‘रोड’ हा शब्द लावला जाई. येथे उतरलात म्हणजे गाव आले असे समजू नका, येथून त्या गावाकडे जाणारा रस्ता आहे, इतकाच त्याचा अर्थ. नाशिक रोड हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. आपल्या मार्गावर तर अशी स्थानके ओळीनेच आहेत : वसई रोड, केळवे रोड, डहाणू रोड, बोर्डी रोड. यावरून एक ऐतिहासिक सत्य उलगडते. ही सारी जुनी गावे समुद्राकडे तोंड करून वसली होती. त्यांचा व्यापार, त्यांचे संरक्षण आणि त्यांचे उत्पन्न पाण्यावर अवलंबून होते. रेल्वे मात्र खाड्यांची रुंद मुखे टाळीत, किनाऱ्यापासून आत, सरळ रेषेत गेली. आपला नकाशा पाहिला तर हे लगेच ध्यानात येते. किल्ल्यासमोर खाडी विस्तीर्ण आहे. थोडे आत गेल्यावर मध्यावर पाणजू बेट लागते आणि खाडीचे दोन फाटे होतात. एका मोठ्या पुलाऐवजी दोन पूल आणि मध्ये विसावा घेण्यास जमीन अशी ती जागा होती. लोहमार्ग तेथूनच गेला.

परिणाम असा झाला की वसईचे तोंड फिरले. तीनशे वर्षे ती पश्चिमेकडे, दर्याकडे पाहत होती. आता ती पूर्वेकडे, गाडीकडे पाहू लागली. बंदराचे महत्त्व ओसरले. कालपर्यंत भातशेतीची साधी गावे असलेली माणिकपूर आणि नवघर ही वसईचे प्रवेशद्वार झाली. किल्ला, बाजारपेठ, पापडी या जुन्या वसाहतींपासून स्थानकापर्यंत बैलगाडी आणि पुढे टांगा यांची वाहतूक सुरू झाली, कालांतराने एस.टी. आली. जे गाव स्थानकापासून दूर म्हणून स्थानकाला ‘रोड’ म्हणावे लागले, त्या गावापेक्षा आज स्थानकाभोवतीची वस्ती कितीतरी मोठी आहे. परक्या माणसाला तर ‘वसई’ म्हणजे स्थानकाचा परिसरच ठाऊक असतो.

सकाळी पावणेसातची गाडी

१२ एप्रिल १८६७ ही तारीख वसईच्या इतिहासात ठळक अक्षरांनी लिहिली जावी अशी आहे. त्या दिवशी विरार ते मुंबईतील बॅकबे अशी उपनगरी गाडी प्रथम धावली. दिवसाकाठी जाणारी एक आणि येणारी एक. सकाळी पावणेसात वाजता ती विरारहून सुटे आणि सायंकाळी साडेपाच वाजता बॅकबेहून परत निघे. चर्चगेट स्थानक तेव्हा अस्तित्वातच नव्हते. ते १८७० साली झाले.

त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांत आलेली स्थानकांची नावे वाचताना गंमत वाटते. नीला, बसीन, पांजे, बोरीवला, पहाडी, अंदारू, बांदोरा! नीला म्हणजे आजचे नालासोपारे. नीळेमोरे गावाचे नाव त्यात डोकावते. पहाडी म्हणजे गोरेगाव. अंदारू म्हणजे अंधेरी. साहेबाच्या कानाला जसे ऐकू आले तसे त्याने लिहून घेतले.

पण गमतीपलीकडे या वेळापत्रकात एक गंभीर गोष्ट आहे. गाडी सकाळी मुंबईकडे जाते आणि संध्याकाळी मुंबईहून परत येते. म्हणजे माणसाने राहावे येथे आणि काम करावे तेथे, ही कल्पना पहिल्याच दिवशी त्या वेळापत्रकात लिहिली गेली होती. आज रोज लाखो माणसे जे जीवन जगतात, त्याचा आराखडा १८६७ च्या त्या एकुलत्या एक गाडीत तयार होता. पुढील पिढ्यांनी फक्त डबे वाढवले.

हरवलेले स्थानक : पाणजू

वरील यादीतील ‘पांजे’ हे नाव आता कोणत्याही फलकावर दिसत नाही. ते पाणजू बेटावरील स्थानक होते. दोन पुलांच्या मध्ये, चोहोबाजूंनी खाडीच्या पाण्याने वेढलेल्या त्या लहानशा बेटावर एके काळी मुंबईची गाडी थांबत असे, हे आज सांगितले तर नव्या पिढीला खरे वाटणार नाही. पुढे हे स्थानक बंद झाले. खाडीच्या उत्तरेला नायगाव आणि दक्षिणेला भाईंदर ही स्थानके गजबजली, पण मधल्या पाणजूवर गाडी थांबेनाशी झाली.

तेव्हापासून पाणजूकरांचे जीवन विलक्षण आहे. त्यांच्या डोक्यावरून दर काही मिनिटांनी गाडी जाते, पण त्यांना मात्र नायगावला जाण्यासाठी होडी गाठावी लागते. पुलाच्या कडेने जीव मुठीत धरून चालत जाण्याचा धोका पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पत्करला. धावत्या गाडीतून भाविक प्रवासी निर्माल्य आणि नारळ खाडीत भिरकावतात. ते पुलावरून चालणाऱ्याच्या अंगावर येऊन अपघातही झाले आहेत. प्रगतीची गाडी सर्वांच्या दारावरून जाते, पण ती सर्वांसाठी थांबतेच असे नाही, याचे पाणजूइतके बोलके उदाहरण आम्हांला दुसरे ठाऊक नाही.

मळ्यातून मंडईत

रेल्वेने वसईला दिलेले पहिले मोठे देणे म्हणजे बाजारपेठ. दर्याच्या लहरीवर अवलंबून असलेला माल आता ठरलेल्या वेळी मुंबईत पोहोचू लागला. पहाटे तोडलेली भाजी त्याच सकाळी शहरात विकता येऊ लागली. याचा परिणाम थेट आपल्या वाड्यांवर झाला. जे पीक नाशवंत म्हणून घरापुरतेच लावले जाई, ते आता विक्रीसाठी लावणे परवडू लागले. पालेभाज्या, वांगी, दुधी, केळी. सोनचाफा, मोगरा यांसारखी फुले. दूध आणि मासळी हे सारे गाडीने जाऊ लागले. राजेळी केळी सोलून, उन्हात सुकवून केलेली सुकेळी हा तर वसई-आगाशीकडचा खास मेवा. विड्याची पाने केवळ मुंबईतच नव्हे तर मालगाड्यांतून उत्तर हिंदुस्थानच्या बाजारांपर्यंत गेली. मिठागरांतील मीठही रेल्वेने जात असे.

या व्यापारात आपल्या स्त्रियांचा वाटा केवढा मोठा होता, हे स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. पुरुषाने मळा पिकवावा आणि बाईने तो विकावा, अशी वाटणी अनेक घरांत होती. काळोखात उठून, डोक्यावर पाटी घेऊन, मैलोन्‌मैल चालत स्थानक गाठायचे. लगेजच्या डब्यात दाटीवाटीने बसायचे. दादरला, अंधेरीला, बांद्र्याला उतरून घरोघर फिरायचे आणि रिकामी पाटी घेऊन दुपारच्या गाडीने परतायचे. सामवेदी बाईचे लाल लुगडे आणि कोळिणीची टोपली मुंबईच्या उपनगरांत ओळखीची झाली. ‘वसईची भाजी’ ही मालाची खूण बनली. या बायांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण हिशेबात त्यांना कोणी फसवू शकत नसे. त्यांच्या पाट्यांतून आलेल्या पैशांवर मुलांच्या शाळेची फी भरली गेली, कौलारू घरे उभी राहिली. आज आपल्या समाजात जे डॉक्टर, प्राध्यापक, धर्मगुरू आणि धर्मभगिनी आहेत, त्यांतील कितीतरी जणांच्या शिक्षणाचा पाया लगेजच्या डब्यात घातला गेला आहे.

नोकरी, शिक्षण आणि नवी ओळख

दुसरे देणे नोकरीचे. रेल्वेला माणसे हवी होती : सांधेवाले, फाटकवाले, कारकून, फिटर, गार्ड, चालक. लोअर परळचा रेल्वेचा कारखाना, मुंबईच्या गिरण्या, गोदी, टपाल खाते, सरकारी कचेऱ्या यांची दारे गाडीमुळे वसईकराला उघडली. शिक्षिका आणि परिचारिका म्हणून आपल्या मुली शहरात जाऊ लागल्या.

याच काळात मुंबईत गोव्याकडून आणि मंगळूरकडूनही ख्रिस्ती बांधव मोठ्या संख्येने नोकरीसाठी आले. रेल्वे, आगबोटी आणि कचेऱ्यांत त्यांनी चांगले नाव मिळवले. नावे सारखी, धर्म एक. मग येथील मूळच्या रहिवाशांनी आपली ओळख वेगळी कशी सांगावी? या गरजेतून मुंबई-साष्टीच्या मूळ ख्रिस्ती समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये, ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली. वसईच्या काही भागांतही हे नाव रुजले. सामवेदी ख्रिस्ती बांधवांनी मात्र आपली ‘कुपारी’ ही ओळख आणि आपली बोली जपली. गाडी मुंबईकडे जात राहिली, तरी वसईच्या ख्रिस्ती घरांत प्रार्थना, गीते आणि भांडणेही मराठीतच होत राहिली, ही आम्हांला अभिमानाची गोष्ट वाटते.

श्रद्धेचे मार्गही लोहमार्गाला येऊन मिळाले. सप्टेंबरात मोत मावलीच्या जत्रेसाठी बांद्र्याला जाणे हा घराघराचा नेम झाला. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून बुधवारचा नोव्हेना सुरू झाला, तेव्हा बुधवारच्या गाड्यांत हातात मेणबत्त्या घेतलेल्या वसईच्या बायाबापड्या दिसू लागल्या. १९६४ च्या अखेरीस मुंबईत आंतरराष्ट्रीय युखारिस्त परिषद भरली आणि पोप सहावे पॉल स्वतः हिंदुस्थानात आले. त्यांच्या दर्शनासाठी गावेच्या गावे गाडीने मुंबईला लोटली. योगायोग असा, की याच नोव्हेंबरात या लोहमार्गाला शंभर वर्षे पूर्ण होत होती. त्या गर्दीत हे कोणाच्या ध्यानात आले नसेल; येण्याचे कारणही नव्हते.

विजेची गाडी

सुरुवातीची सत्तर वर्षे वसईत कोळशाचे इंजिन धुरळत राहिले. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरीवली विजेची गाडी धावू लागली आणि १९३६ साली हे विद्युतीकरण विरारपर्यंत पोहोचले. प्रवासाचा वेळ कमी झाला, फेऱ्या वाढल्या. नोकरी करून रोज घरी परतणे सुलभ झाले. त्याच्या अगोदर पुष्कळ वसईकर आठवडाभर मुंबईत राहून रविवारच्या मिस्सेला गावी येत. विजेच्या गाडीने त्यांना रोजचे जेवण घरच्यांसोबत घेता येऊ लागले.

१९४२ साली बी.बी.सी.आय.चा कारभार कंपनीकडून सरकारकडे आला. स्वातंत्र्यानंतर, ५ नोव्हेंबर १९५१ रोजी पश्चिम रेल्वेची स्थापना झाली. ‘बसीन रोड’चे यथावकाश ‘वसई रोड’ झाले. पुढे वसईहून दिव्याकडे जाणारा मार्ग निघाला आणि आपले स्थानक जंक्शन बनले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर गुजरात आणि कोकण-गोवा-केरळ यांना जोडणाऱ्या गाड्या वसईवरून जाऊ लागल्या. एके काळी कापसाच्या गाठींसाठी थांबणारे स्थानक आता देशाच्या उत्तर-दक्षिण वाहतुकीचे एक नाके आहे.

देणे आणि घेणे

आता हिशेबाची दुसरी बाजू. ज्या गाडीने वसईची भाजी मुंबईला नेली, तीच गाडी मुंबईची गर्दी वसईला घेऊन आली. १९०१ च्या जनगणनेत वसई शहराची वस्ती साडेदहा हजारांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली. मुंबईत घर घेणे अशक्य झालेल्या सामान्य माणसाला विरारच्या गाडीने आधार दिला. त्या माणसाला आम्ही दोष देत नाही. त्यालाही छप्पर हवेच होते. परंतु नियोजनाविना, पाण्याच्या सोयीविना आणि निसर्गाची पर्वा न करता उभ्या राहिलेल्या इमारतींनी वसईचे हिरवे रूप झपाट्याने बदलले. स्थानकाच्या दोन्ही बाजूंची भातशेती प्रथम गेली. विहिरींचे पाणी टँकरने शहरात विकले जाऊ लागले आणि कित्येक बावखले बुजवली गेली.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला, तेव्हा लोक जागे झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने लढा उभारला. त्यात ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते. शेतकरी, शिक्षक, स्त्रिया, युवक सर्व होते. झुंडशाही आणि दहशत यांविरुद्ध निर्भयपणे उभे राहण्याचा तो धडा होता. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका झाली, तेव्हा आपली गावे त्यातून वगळावीत यासाठीही आंदोलन झाले. याच फादर दिब्रिटो यांची पुढे उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली आणि २०२० च्या जानेवारीत ते संमेलन पार पडले. २०२४ च्या जुलैमध्ये ते आपल्यातून गेले. वसईत जो काही हिरवा पट्टा उरला आहे, त्यामागे त्यांचे आणि असंख्य अनाम कार्यकर्त्यांचे कष्ट आहेत.

इकडे रेल्वेही गर्दीशी झुंजत राहिली. बोरीवली ते विरार मार्गाचे चौपदरीकरण २००७ मध्ये पूर्ण झाले, २००९ पासून पंधरा डब्यांच्या गाड्या धावू लागल्या आणि २०१३ मध्ये उपनगरी सेवा डहाणूपर्यंत पोहोचली. तरी सकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी याच मार्गावरील गाड्यांत बाँबस्फोट झाले आणि घरी परतणारी कितीतरी माणसे परतलीच नाहीत. त्या रात्री परक्यांनी परक्यांना रक्त दिले, पाणी दिले, घरापर्यंत पोहोचवले. डब्यातील सहप्रवास हेही एक नाते असते, हे त्या दिवशी दिसून आले.

२०२४ च्या फेब्रुवारीत वसई आणि भाईंदर यांच्यामध्ये वाहनांसह माणसे नेणारी रो-रो बोटसेवा सुरू झाली. सुमारे एकशे साठ वर्षांपूर्वी ज्या पाण्याकडे आपण पाठ फिरवली, त्याच पाण्याची वाट आज गर्दीवरचा उपाय म्हणून आपण पुन्हा धरीत आहोत.

जतन कशाचे करावे?

किल्ल्याच्या दगडांना निदान पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे. स्थानकाला ते नाही, आणि एका अर्थी असूही शकत नाही. कारण स्थानक ही जिवंत वस्तू आहे. फलाट वाढवावे लागतात, जुनी तिकीटघरे पाडावी लागतात, पादचारी पूल बदलावे लागतात. यांपैकी काहीही अडवून धरावे असे आम्ही म्हणत नाही. मात्र वास्तू बदलली तरी आठवण पुसली जाऊ नये, एवढे आपल्या हाती आहे.

आपल्या प्रत्येक धर्मग्रामात अशी वडीलधारी माणसे अजून आहेत, ज्यांनी टांग्यातून स्थानक गाठले, ज्यांच्या आईने लगेजच्या डब्यातून पाटी नेली, ज्यांच्या वडिलांनी रेल्वेत सांधेवाल्याचे काम केले. त्यांच्याकडे जुने पास असतील, छायाचित्रे असतील, भाजीच्या हिशेबाची एखादी वही असेल. युवक मंडळांनी आणि शाळांनी हे साहित्य गोळा करावे, आजी-आजोबांच्या तोंडची हकीकत त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावी. पाणजूसारख्या गावाची कहाणी तर आताच लिहिली नाही, तर ती सांगणारे कोणी उरणार नाही. मिशनऱ्यांनी व सरकारी अधिकाऱ्यांनी वसईविषयी पुष्कळ लिहून ठेवले. लगेजच्या डब्यातील बाईने काहीच लिहून ठेवले नाही. तिच्या वतीने ते आपणच लिहिले पाहिजे.

किल्ल्याचा इतिहास राजांनी घडवला. स्थानकाचा इतिहास घडवणारी माणसे आपल्याच घरांतील होती. तो लिहिण्याचे कर्तव्यही मग आपलेच आहे.